कांद्याच्या सालीतलं पिवळं

मला निमगाव सावाला परत जायचं होतं. आधी ते सांगते, शास्त्र नंतर. नाहीतर लोक विचारतात, "तुम्ही या पॉलिमरच्या संशोधनाकडं कशा काय वळलात हो?" वळतेय कसली! माहेर घोडेगावचं, लग्न होऊन आले निमगावात, नोकरी लागली पुण्यात, आणि ऐन उमेदीची वर्षं गेली एसटीच्या खिडकीत.

शनिवारी दुपारी पुण्याहून निघायचं, नारायणगावला उतरायचं. तिथं हे मोटरसायकल घेऊन उभे. 'हे' म्हणजे माझा नवरा. हातात भाजीची पिशवी नाहीतर फवारणीचं औषध असायचं, म्हणजे मलाच न्यायला आलेत असं कुणाला वाटू नये. रविवारी संध्याकाळी पुन्हा त्याच स्टँडवर सोडायचे. सोमवारी प्रयोगशाळेत माझ्या ओढणीला घरच्या चुलीचा वास असायचा. तो दुपारपर्यंत टिकायचा, मग स्पिरिटच्या वासात हरवायचा. मंगळवार मला कधीच आवडला नाही.

यांना पुण्याला का नाही आणलं, असं विचारणारे पुष्कळ भेटले. घर आमचं मळ्यात, गावापासून लांब. भोवती ऊस, उसात बिबट्या. सासूबाईंना एकटं टाकून हे येणार कसे? आणि सासूबाईंना पुण्यात आणावं, तर त्या एकदा आल्या, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हितनं हाक मारली तर कुनाला ऐकू जायचं?" आल्या तशा परत गेल्या. पोराबाळांचं कुणी विचारलं की मी फटकन सांगायची, "आधी एका चुलीवर तर येऊ द्या आम्हाला!" विचारणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला त्याचं बरं वाटायचं, पण घरी आल्यावर रडू यायचं.

तर अशात आमच्या सरांनी कांद्याच्या सालीचा विषय काढला. लाल कांद्याच्या कोरड्या सालीत क्वेर्सेटिन नावाचा एक पिवळा पदार्थ असतो. औषधं आणि पोषक गोळ्या करणारे त्याच्या शोधात असतात. साल फुकट मिळते, पण तिच्यात शेकडो पदार्थ एकमेकांत कालवलेले. त्यातून नेमका हा एकच वेगळा काढायचा. सर म्हणाले, "साल हलकी असते, टेम्पो भरला तरी वजन काहीच नाही. ती पुण्यात वाहून आणणं म्हणजे हवा वाहून आणणं. हे जमलं तर छोटं युनिट तुमच्या जुन्नर भागातच टाकू. चालवायला तुम्हीच जा."

एवढंच वाक्य. त्यांनी चहा पिता पिता टाकलं आणि विसरूनही गेले असतील. मी त्या वाक्यावर पुढची सगळी वर्षं काढली.

आमचं काम असं होतं. ज्या रेणूला पकडायचं, त्यालाच आधी एका पातळ मिश्रणात सोडायचं. मिश्रण गरम करून त्याच्याभोवती घट्ट होऊ द्यायचं. मग तो कडक झालेला गोळा, म्हणजेच पॉलिमर, फोडायचा, वाटायचा, चाळायचा आणि भुकटीतला तो रेणू धुऊन काढायचा. तो निघून जातो, त्याची जागा तेवढी मागं राहते. पुढं सालीचा अर्क त्या भुकटीतून सोडला की बाकीचे सगळे वाहून जातात आणि हा तेवढा आपल्या जागेवर येऊन बसतो.

हे मी यांना बांधावर बसून समजावलं होतं. यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हन्जे चिखलात पाय रुतला, मग काढून घेतला, तर खड्डा ऱ्हातो. तसं?"

"अगदी तसंच."

"अन् त्या खड्ड्यात दुसऱ्याच कुनाचा पाय गेला तर?"

"नीट बसत नाही."

"आमच्यात बसतो की. म्हशीच्या खड्ड्यात परवा माझाच पाय गेला. अजून लंगडतोय."

मी चिडले. माझ्या शास्त्राची अशी माती केलेली मला खपायची नाही. पण पुण्याला जाताना गाडीत एकटीच हसत बसले, आणि शेजारची बाई पदर सावरून जरा लांब सरकली.

पहिली साल आपल्याच घरची घ्यायची, असं मी मनाशी ठरवलेलं. यांना फोनवर सांगितलं, "कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याची कोरडी साल पाहिजे. दोन पोती पाठवा." पोती आली. गेटवर उतरवून घेताना वॉचमन म्हणाला, "मॅडम, लई जड हायेत." मला शंका आली. तोंड सोडलं तर आत कांदे! एकसारखे, निवडलेले, आणि वरची साल चोळून चोळून काढलेली. असे लखलखीत कांदे मी बाजारातसुद्धा पाहिले नव्हते. फोन केला.

"अहो, साल मागितली होती मी!"

"साल व्हय? मला वाटलं तू आपली बोलायला म्हनलीस. तुझ्या सायबाच्या दारात कचरा पाठवू व्हय मी? आईनं अन् मी बसून साफ केला एकेक."

"आणि साल कुठंय?"

"उकिरड्यावर. कुठं असनार?"

आमच्याकडं असंच आहे. पाहुण्याच्या घरी काही पाठवायचं तर ते निवडून, पुसून, वरचं वरचं काढून. शेंगा पाठवल्या तर फुटकी शेंग निघायची नाही. कचरा मागणारा माणूस आमच्या लोकांच्या समजुतीत बसतच नाही. त्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत भजी झाली, आणि सरांनी घरी नेलेल्या कांद्यांचं त्यांच्या मंडळींनी फार कौतुक केलं. पुढच्या खेपेला मात्र खरी साल आली. तीही सासूबाईंनी सुपात पाखडून पाठवली होती.

मग भुकटीचं काम सुरू झालं. सगळ्यात जिवावर यायचं ते धुणं. काचेच्या उपकरणात मद्यार्क उकळायचा, वर जाऊन गार व्हायचा, भुकटीवर ठिबकायचा आणि आतलं क्वेर्सेटिन घेऊन पिवळा होऊन खाली यायचा. परत तेच. त्यात व्हिनेगरमधलं आम्ल असायचं, त्याच्या वासानं डोकं उठायचं. मी त्या पिवळ्याकडं बघत बसायची. आज जरा फिकं झालं का? काल एवढंच होतं की जास्त होतं? ज्या दिवशी खालचं पाण्यासारखं दिसलं त्या दिवशी मी भुकटी नळीत भरली आणि घरच्या सालीचा अर्क त्यातून सोडला. भुकटीत अडकलेलं धुऊन काढलं आणि पदार्थ ओळखणाऱ्या मशीनला दिलं. आणि पडद्यावर क्वेर्सेटिनच्या जागी एकच टोक सरळ वर गेलं. आजूबाजूला काही नाही.

मी व्हरांड्यात पळत गेले आणि यांना फोन लावला. "जमलं!" म्हटलं. "अहो, जमलं! मी येतेय घरी!"

 पलीकडून खाकरल्यासारखं झालं आणि हे म्हणाले, "खरं का?" एवढंच. पण कसं म्हणाले! तो आवाज मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कोरी फेरी केलीत का?" म्हणजे साल नाही, अर्क नाही, नुसताच द्रव भुकटीतून सोडून बघायचा. ती बाकी होती. केली. आणि पडद्यावर तेच टोक, त्याच जागी, दिमाखात उभं! सालीचा कणसुद्धा नसताना. म्हणजे मी भुकटी करताना जे क्वेर्सेटिन घातलं होतं, तेच आत कुठंतरी दडून बसलेलं होतं आणि थोडं थोडं बाहेर पडत होतं. पाण्यासारखं दिसलं म्हणून मी फसले. घरच्या सालीतलं म्हणून मी जे डोक्यावर घेऊन नाचले, ते माझंच मला परत मिळालं होतं.

यांना कळवणं भाग होतं.

"अहो, कालचं खोटं निघालं."

"कसं खोटं?"

सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता गं? म्या तर चौकात पेढं वाटलं. सोसायटीच्या चेअरमनला दोन दिलं."

"कशाला घाई केलीत?"

"अन् तू कशाला फोन केलास? आता काय लोकांना वकायला लावू?"

मला हुंदका आवरेना. तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला. "रडू नकोस. ऐक की. तू रडलीस की मला हितं काय सुचत न्हाई, राव. खोटं तर खोटं. पुन्यांदा कर."

पुन्हा केलं. आणखी धुतलं. मद्यार्क बदलला, उष्णता वाढवली, आठवडेच्या आठवडे ठिबकत ठेवलं. जरा कमी व्हायचं, संपायचं नाही. एखादा वास असतो तसं, गेला म्हणावं तर नाकाशी. शेवटी सर म्हणाले, "क्वेर्सेटिन घालूच नका. त्याचा भाऊबंद घाला. आकार जवळजवळ तोच, पण मशीनला वेगळा दिसणारा. मग तो गळाला तरी गळू दे, आपल्याला कळेल की हा तो नव्हे."

त्या रविवारी मी हे घरी सांगितलं, तर यांना पटकन कळलं. यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. थोरला भाऊ, म्हणजे हे आजोबाच, मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला असायचा. तो परत यायच्या आत त्याची बंडी शिवून ठेवायची पद्धत होती, आणि शिंप्यापुढं माप द्यायला उभा करायचे धाकट्याला. "माप भावाचं, घालनारा दुसरा," हे म्हणाले. "जरा इकडं तिकडं व्हायचं, पर अंगात बसायची. आमच्या आज्याला कुनी माप घेऊन शिवलंच न्हाई कधी."

"आणि तो कोकणातून परत नाही आला तर?" मी सहज विचारलं.

"येनार की. बंडी शिवलीया म्हनल्यावर येनारच."

त्या भाऊबंदावर बेतलेली भुकटी जमली. खरंच जमली. कोरी फेरी केली, क्वेर्सेटिनच्या जागी काही नाही. सालीचा अर्क सोडला, टोक उभं. पुन्हा कोरी, काही नाही. मी त्या दिवशी कुणालाही फोन केला नाही. खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. मला मळ्यातला रस्ता दिसला, वळणावरचं चिंचेचं झाड, आणि सोमवारची सकाळ, पण निमगावातली. सोमवारी सकाळी आमच्या घरात काय चालतं हे मला माहीतच नव्हतं.

पुढचे काही महिने पैसे घालणाऱ्या लोकांच्या बैठका झाल्या. मग एके दिवशी सरांनी मला बोलावलं. फार खुशीत होते. "तुमचं काम पास झालं! युनिट टाकतायत. गुजरातेत."

"गुजरातेत का?"

"तिथं कांदा वाळवायचे मोठे कारखाने आहेत. लाल कांदासुद्धा बाहेरून आणून सोलतात. सालीचा ढीग एका जागी तयार असतो. तुमच्याकडं ती दहा गावांच्या चाळीत विखुरलेली, कोण गोळा करत बसणार? आणि चालवायला तुम्हीच जायचं. तुमच्याशिवाय आहे कोण?"

चूक कुणाचीच नव्हती. हिशेब अगदी बरोबर होता. म्हणून तर मला जास्त राग आला. माझं काम फसलं असतं तर मी पुण्यात राहिले असते, निदान शनिवार तरी माझा होता. ते जमलं म्हणून शनिवारही चालला.

त्या शनिवारी मी गावी गेले, सांगायचं म्हणून. मोटरसायकलवर काही बोलले नाही. घरापाशी आलो तर हे मला आत जाऊ देईनात. "आधी इकडं ये," म्हणत कांदाचाळीच्या मागं घेऊन गेले. तिथं एक खोली उभी होती. विटांची, आतून गुळगुळीत गिलावा केलेली, वर पत्रा. पश्चिमेला खिडकी, त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा. आणि भिंतीला एक बेसिन.

"पेढं वाटलं त्या महिन्यात तुझ्या कामासाठी पाया काढला," हे म्हणाले. "मग तुझं खोटं निघालं. म्हनलं, व्हईल खरं कवातरी, काम कशाला थांबवायचं? तू ह्या बाजूनं येतच न्हाईस, तुला कळलंच न्हाई." मग त्यांनी बेसिनवर हात ठेवला. "तू सारखी धुनं धुनं करतीस म्हनून हे. उंची तुझ्या कोपरापत्तुर धरलीया. अंदाजानंच. हुभी ऱ्हा बरं, बघू."

मी उभी राहिले. बरोबर कोपरापर्यंत होतं. आणि मग माझा बांध फुटला. तिथंच, त्या कोऱ्या बेसिनवर ओणवी होऊन मी सगळं सांगितलं.

हे दारात पाठमोरे उभे होते. बराच वेळ पायानं विटेचा तुकडा ढकलत राहिले.

"मग जा की," म्हणाले.

"जा? एवढंच?"

"मग काय म्हनू? एवढी शिकलेली बायको दावनीला बांधली म्हनत्याल लोक."

"लोक गेले खड्ड्यात! तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना."

माझा सगळा जीव त्यांच्या तोंडाकडं लागला होता. 'नको जाऊ' एवढं म्हटलं असतं तरी मी सरांना सोमवारी नकार कळवला असता. नोकरी गेली असती तर गेली असती. पण खोटं कशाला बोलू, मलाही ते मोठ्या टाकीत चालताना बघायचं होतं. माझ्या हातचं होतं ते. त्यामुळं आपण होऊन 'मी जात नाही' असं माझ्या तोंडून निघेना, आणि त्यांच्या तोंडून ते दोन शब्द निघेनात. तेवढ्यात विहिरीवरचा दिवा लागला.

"लाईट आली," हे म्हणाले. "मोटार चालू करून येतो." आणि गेले.

सासूबाईंनी पोत्यात भरून ठेवलेली साल मला दाखवली नाही. ती मी स्वतःच पाहिली, चाळीच्या टोकाला रचलेली. त्यांनी फक्त विचारलं, "गुजरातेत कांदा खात्यात का गं?" खातात म्हटलं. "मग बरं," म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या.

मी गेले. आता इथं आहे. समुद्र जवळ आहे म्हणतात, मी दोनदा पाहिला असेल. काम चांगलं चाललंय. टाकीतून पिवळं निघतं, वाळतं, डब्यात भरलं जातं. माझ्या हाताखाली माणसं आहेत, ती मला बेन म्हणतात. घरी जाणं दिवाळीला, आणि मध्ये कधी जमलं तर.

मागच्या उन्हाळ्यात यांचा फोन आला. "आपला कांदा गुजरातेत चाललाय, आळेफाट्यावरनं गाडी भरली. तुझ्याच तिथं येनार हाय, म्या डायव्हरला इचारलं." दोन-तीन दिवसांनी मी सोलायच्या विभागात गेले. सालीचा ढीग छपरापर्यंत. कोणत्या गाडीचा कुठला, कुणालाच सांगता येईना. मी मुठी भरभरून घेतल्या, नाकाशी धरल्या, उजेडात धरून बघितल्या. बायका माझ्याकडं बघून आपसांत हसत होत्या. मी तिथं बरीच शोधत बसले. लाज सोडून.

संध्याकाळी यांनी फोनवर विचारलं, "वळकला का?"

"नाही."

"आरारारा! एवढं शिकून?"

"सगळी साल सारखीच असते हो." मी हसायला गेले, पण ते हसू नीट जमलं नाही. त्यांना कळलं असावं. कारण मग ते एकदम वेगळ्याच आवाजात बोलायला लागले.

"ऐक. तवा मी जा म्हनलो. मला तसं म्हनायचं न्हवतं. मोटार बिटार काय न्हाई, विहिरीवर जाऊन नुसता बसलो व्हतो. लई झालं आता. तू ये घरी. मशीन असू दे न्हाईतर नसू दे. मला करमत न्हाई."

देवा! हे ऐकण्यासाठी मी किती तळमळले होते ते कुणाला सांगू? किती रात्री मी हेच वाक्य त्यांच्या आवाजात स्वतःशी म्हणून पाहिलं होतं. आणि ते आलं, समोरून, आपण होऊन आलं, तेव्हा माझ्या तोंडातून काय निघालं?

"महिनाअखेरीला नवी भुकटी भरायचीय टाकीत. ती एकदा लावून दिली की बघते."

"बरं," हे म्हणाले.

पुन्हा विचारायचं नाही असं ठरवून म्हटलेलं 'बरं' होतं ते. मला लगेच कळलं. मी "अहो," म्हटलं, पण तोवर फोन ठेवला होता. ती भुकटी भरून झाली, त्यानंतरची आणखी एक झाली. आमचं रोज बोलणं होतं, पावसाचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं, बिबट्या कुणाच्या गोठ्यात आला त्याचं. ते विचारत नाहीत. आणि 'येते' म्हणायला एक शब्द लागतो, तो मी अजून म्हटलेला नाही.